दिवा, सुई आणि वाटा

इनुइट घरातली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे दिवा. त्याला ते कुल्लिक म्हणतात. शंखजिऱ्याच्या मऊ दगडातून कोरलेलं हे अर्धचंद्राच्या आकाराचं उथळ भांडं. सीलची चरबी कुटून तिचं तेल सुटू द्यायचं, ते भांड्यात साचवायचं आणि सरळ बाजूच्या काठाने वात लावायची. वात कापसाचीच, पण तिथल्या कापसाची. उन्हाळ्यात पाणथळ जागी एक गवत उगवतं, त्याची पांढरी बोंडं आणि वाळवलेलं शेवाळ एकत्र चोळून ती करतात. दिवा लावला की काम संपलं असं होत नाही. घरची बाई हाताशी एक छोटी काडी ठेवून वात सारखी करत राहते. वात वर आली तर काजळी धरते, खाली दबली तर विझते. काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ज्योत एकसारखी ठेवणं मुलींना लहानपणापासून शिकावं लागे. याच दिव्यावर घर ऊब धरी, बर्फ वितळून प्यायचं पाणी होई, वर टांगलेल्या दगडी भांड्यात मांस शिजे आणि त्याच्याही वर बांधलेल्या जाळीवर ओले बूट-हातमोजे वाळत. झाडच नाही, म्हणून सरपण नाही. अशा मुलखात दिवा गेला की घर गेलं.

आपल्या शाळेच्या भूगोलात टुंड्रा प्रदेशाच्या धड्यात हा दिवा नसायचा. तिथे असायचा बर्फाचा इग्लू, कुत्र्यांनी ओढलेली गाडी आणि भाला उगारलेला पुरुष. मराठी वाचकाच्या मनातलं इनुइटांचं चित्र बहुतेक याच तीन गोष्टींचं आहे. चित्र खोटं नाही, पण ते दाराबाहेर उभ्या असलेल्या पाहुण्याने काढलेलं आहे. गेल्या काही शतकांत तिकडे गेलेले दर्यावर्दी, देवमाशांचे शिकारी, व्यापारी, पाद्री आणि पोलिस जवळजवळ सगळे पुरुष होते. त्यांना पुरुषांची कामं दिसली आणि थंडीचं अप्रूप वाटलं. इतक्या थंडीत ही माणसं तग कशी धरतात, एवढंच त्यांनी विचारलं, आणि तोच प्रश्न पुढे पाठ्यपुस्तकांत उतरला. मला तो अपुरा वाटतो. ही माणसं तिथे पिढ्यानपिढ्या संसार करत होती, लेकरं वाढवत होती, भांडणं मिटवत होती, गाणी रचत होती. हा संसार बाईच्या हातातल्या दिव्यावर, तिच्याच हातातल्या सुईवर आणि शिकारीत प्रत्येकाच्या ठरलेल्या वाट्यावर उभा होता. या पुस्तकाची मांडणी मी याच तीन गोष्टींभोवती केली आहे.

ही माणसं कोण आणि कुठली, ते थोडक्यात. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यापासून कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांवरून ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत हा समाज पसरला आहे. कॅनडात ते सुमारे ७० हजार आहेत, ग्रीनलंडमध्ये सुमारे ५० हजार. पुरातत्त्वज्ञ ज्यांना थुले संस्कृतीचे लोक म्हणतात ते त्यांचे पूर्वज. साधारण हजार वर्षांपूर्वी ते अलास्काकडून पूर्वेला निघाले आणि ग्रीनलंडपर्यंत जाऊन पोहोचले. त्यांच्याआधी तिथे दुसरे लोक राहत होते. इनुइट कथांमध्ये ते ‘तुनीत’ या नावाने येतात, अंगाने दांडगे आणि स्वभावाने बुजरे. ‘एस्किमो’ हे इनुइटांना बाहेरच्यांनी दिलेलं नाव. कॅनडा आणि ग्रीनलंडमध्ये ते बहुतेकांना अपमानाचं वाटतं, म्हणून या पुस्तकात ते मी वापरलेलं नाही.

एवढ्या प्रचंड अंतरावर विखुरलेला समाज एकच आहे, हे बाहेरच्या जगाला नीट दाखवून दिलं ते क्नुद रासमुसेन याने. त्याचा जन्म १८७९ साली ग्रीनलंडमधल्या इलुलिस्सातचा. आईच्या बाजूने त्याच्यात इनुइट रक्त होतं आणि तो त्यांचीच भाषा बोलत वाढला. १९२१ ते १९२४ या काळातल्या ‘पाचव्या थुले मोहिमे’त तो हडसन उपसागराच्या परिसरातून कुत्र्यांच्या गाडीने थेट अलास्कापर्यंत गेला, आणि बोलीतले फरक सांभाळत वाटेतल्या इनुइटांशी स्वतःच्या भाषेतच बोलला. त्याने लिहून घेतलेल्या कथा आणि गाण्यांवाचून इनुइटांविषयी आज कुणालाच लिहिता येणार नाही. पण अलास्कापर्यंतच्या त्या लांबच्या टप्प्यात त्याच्यासोबत दोन ग्रीनलंडकर इनुइट होते. एक कावीगारसुआक नावाचा तरुण शिकारी आणि दुसरी आर्नारुलुंगुआक ही बाई. कपडे शिवणं, फाटलेले बूट सांधणं, मुक्कामी दिवा राखणं हे तिचं काम. रासमुसेनचं नाव जगभर झालं. आर्नारुलुंगुआकची सुई नसती तर ही मोहीम पहिल्या हिवाळ्यातच आटोपली असती, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती सुई काय करत होती, ते जवळून पाहण्यासारखं आहे. कपड्यासाठी सर्वांत चांगलं कातडं कॅरिबूचं. हे उत्तर अमेरिकेतलं रानटी रेनडिअर. त्याचे केस आतून पोकळ असतात, त्यांत हवा कोंडलेली असते. पण वाटेल तेव्हा मारलेल्या जनावराचं कातडं चालत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी केस गळत असतात आणि माश्यांच्या अळ्यांनी कातड्याला भोकं पाडलेली असतात. भर हिवाळ्यात ते फार जाड आणि जड होतं. म्हणून शिकार साधायची ती उन्हाळा सरता सरता. कातडं खरवडून, ताणून, मळून मऊ करायचं. कापायला उलू, म्हणजे अर्धगोल पात्याची, वर मूठ असलेली खास बायकांची सुरी. माप घ्यायला हात आणि नजर. पोशाख दुहेरी असतो. आतल्या कपड्याचे केस अंगाकडे, वरच्या कपड्याचे बाहेर. बेत ढगळ, कारण घाम अंगाशी साचला तर तो गोठतो आणि गोठलेल्या घामाने माणूस दगावतो. धागा म्हणजे जनावराच्या पाठीच्या कण्यालगतचा चिवट पट्टा वाळवून त्याचे सोललेले तंतू. ओले झाले की ते फुगतात आणि सुईने पाडलेलं भोक आपोआप बुजतं. सीलच्या कातड्याच्या बुटांची शिवण तर त्याहून अवघड. सुई दुसऱ्या कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच न्यायची, आरपार जाऊ द्यायची नाही. मग उलट्या बाजूने तसाच दुसरा टाका घालायचा. पाण्याला आत शिरायला वाटच राहत नाही. आईच्या पोशाखाला, अमाउतीला, पाठीवर झोळीसारखी जागा ठेवलेली असते. मूल त्यात आईच्या पाठीच्या उबेला बसतं, आणि वर भलीमोठी टोपी दोघांनाही पुरते.

या शिवणीच्या जिवावर शिकारी बाहेर पडत असे. नवऱ्याच्या बुटाचा एक टाका चुकला तर त्याची बोटं जाणार, हे शिवणाऱ्या बाईला पक्कं ठाऊक असे. मध्य कॅनडातल्या नेत्सिलिक आणि इग्लूलिक भागात तर नियमच होता. हिवाळ्यात समुद्राच्या बर्फावर मुक्काम हलवण्याआधी कॅरिबूच्या कातड्याचं सगळं शिवणकाम संपलं पाहिजे. जमिनीवरचं जनावर आणि समुद्रातलं जनावर यांची सरमिसळ होता कामा नये, अशी त्यामागची श्रद्धा. त्यामुळे शरद ऋतूत वस्तीवर घाई उडे, बायका दिवसरात्र शिवत. श्रद्धेने घातलेल्या या बंधनामुळे खऱ्या थंडीच्या आधी प्रत्येकाच्या अंगावर नवा, धड पोशाख असायचा.

हे शहाणपण ज्यांनी घेतलं ते वाचले. १९०३ ते १९०५ या काळात नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन किंग विल्यम बेटावर, आज ज्याला जोआ हेवन म्हणतात तिथे, दोन हिवाळे राहिला. नेत्सिलिक इनुइटांकडून तो कातड्याचे कपडे वापरायला आणि बर्फावर वावरायला शिकला, कुत्री हाकण्याचा सराव केला. १९११ साली दक्षिण ध्रुवावर त्याचं पाऊल सर्वांआधी पडलं, त्यात या शिकवणीचा वाटा मोठा होता. त्याच बेटाच्या आसपास अर्धशतक आधी सर जॉन फ्रँकलिनच्या ब्रिटिश मोहिमेतली जवळजवळ सगळी माणसं संपली होती, १२९ जणांपैकी एकही परतला नाही. १८४५ साली निघालेली ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं बर्फात अडकली होती. इनुइटांनी उपाशी गोरी माणसं ओढत-खुरडत दक्षिणेकडे जाताना पाहिली होती, त्यांची प्रेतं पाहिली होती, शेवटी शेवटी त्यांनी एकमेकांचं मांस खाल्ल्याच्या खुणाही पाहिल्या होत्या. १८५४ साली जॉन रे या प्रवाशाने ही साक्ष लंडनला कळवली तेव्हा गहजब झाला. चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकाने आपल्या साप्ताहिकातून लिहिलं की रानटी माणसांच्या शब्दावर विश्वास ठेवू नये, उलट त्यांनीच या गोऱ्यांना मारलं नसेल कशावरून. पुढे सापडलेल्या हाडांवर सुरीच्या खुणा निघाल्या. २०१४ साली ‘एरेबस’ आणि २०१६ साली ‘टेरर’ समुद्रतळाशी सापडली. दोन्ही शोधांत इनुइटांची पिढ्यानपिढ्या सांगितलेली माहिती उपयोगी पडली. दीडशे वर्षं तोंडी जपलेली साक्ष खरी ठरली. डिकन्सने केलेल्या आरोपाची चीड मला आजही येते.

आता इग्लूविषयी. अलास्का आणि ग्रीनलंडमधल्या बहुतेक इनुइटांनी हिवाळे काढले ते दगडाच्या, मातीच्या, गवताच्या ढेकळांच्या आणि देवमाशाच्या हाडांच्या घरांत. बर्फाचं घर ही मुख्यतः मध्य कॅनडातल्या इनुइटांची हिवाळ्यातली रीत. इतरत्र ते प्रवासातलं तात्पुरतं आसऱ्याचं ठिकाण. तरी त्याची रचना हुशारीची आहे. वाऱ्याने घट्ट बसलेला बर्फ काठी खुपसून पारखायचा, लांब सुरीने त्याच्या विटा कापायच्या आणि त्या मळसूत्रासारख्या चढत्या ओळीत रचत आत कलत्या ठेवायच्या. आत शिरायचा बोळ खाली, झोपायचा ओटा वर. थंड हवा खालीच राहते. दिव्याच्या उबेने आतली बाजू किंचित वितळून पुन्हा गोठते आणि भिंत आणखी पक्की होते. गोड्या पाण्याच्या पारदर्शक बर्फाची चकती बसवली की खिडकी झाली.

शिकारीचं खरं केंद्र सील. ‘रिंग्ड’ जातीचा सील समुद्र गोठला की पंजाच्या नखांनी बर्फ खरवडून श्वासापुरती भोकं उघडी ठेवतो. अशी त्याची बरीच भोकं असतात आणि वर बर्फ साचल्यामुळे ती दिसत नाहीत. कुत्रं वास काढत भोक शोधतं. शिकारी त्यात हाडाची एक बारीक काडी किंवा पीस सोडतो, पायाखाली कातड्याचा तुकडा घेतो म्हणजे पाय वाजणार नाही, आणि कमरेत वाकून उभा राहतो. तासन्‌तास. हलायचं नाही, खोकायचं नाही. खाली सील आला की ती काडी हलते, आणि हार्पूनचा एकच घाव. हार्पूनचं टोक आत जाऊन आडवं होतं, दोरी हातात राहते. एवढी तपश्चर्या करूनही कित्येकदा माणूस रिकाम्या हाताने परत येई, कारण सील दुसऱ्याच भोकावर गेलेला असे.

म्हणूनच वाटा. नेत्सिलिक इनुइटांची पद्धत मला सर्वांत बारकाईने विचार केलेली वाटते. मुलगा लहान असतानाच त्याची आई त्याच्यासाठी डझनभर भागीदार ठरवून ठेवी. शक्यतो सख्खे नातेवाईक टाळून, एका घरात न राहणाऱ्यांतून. पुढे हा मुलगा शिकारी झाला की त्याने मारलेल्या प्रत्येक सीलचा ठरलेला भाग ठरलेल्या भागीदाराला जाई: एकाला मागची मांडी, एकाला खांदा, एकाला डोकं, एकाला आतडी. भागीदारही आपल्या सीलचा तोच भाग याला देई. मग ही माणसं एकमेकांना नावाने हाक न मारता त्या भागाच्या नावानेच मारत. ‘माझी मागची मांडी’ म्हणजे तो मित्र. वस्तीतल्या कुठल्याही एका शिकाऱ्याला सील मिळाला की बऱ्याच घरांत चूल, खरं म्हणजे दिवा, पेटे. यात कुणी कुणाचा उपकार मानत नसे, कारण तो वाटा हक्काचा असे. आणि ही सगळी वाटणी ठरवणारी असे शिकाऱ्याची आई. पुरुषांच्या शिकारीची गोष्ट सांगताना हे वगळलं जातं.

मेलेल्या सीललाही वाटा असे. सील घरात आणला की बाई त्याच्या तोंडात गोड्या पाण्याचे थेंब सोडी. खाऱ्या समुद्रात राहणारा जीव तहानलेला असतो. त्याची तहान भागवली तर त्याचा आत्मा परत जाऊन सांगेल की इथे मान मिळतो, आणि पुढल्या वेळी तो आपणहून येईल. समुद्रातल्या सगळ्या प्राण्यांची आई समुद्रतळाशी राहते. कुठे तिला नुलियायुक म्हणतात, कुठे सेदना, ग्रीनलंडमध्ये सास्सुमा आर्ना. बापाने तिला होडीतून पाण्यात लोटलं, काठ धरून ठेवलेली तिची बोटं तोडली. त्या बोटांचे सील झाले, वॉलरस झाले, देवमासे झाले. माणसांनी नियम मोडले की तिच्या केसांत घाण गुंतते, आणि बोटंच नाहीत म्हणून तिला केस विंचरता येत नाहीत. रागाने ती जनावरं अडवून धरते. मग आंगाक्कुक, म्हणजे वस्तीतला मांत्रिक, देहभान हरपून समुद्रतळाशी जातो, तिचे केस विंचरतो आणि तिची समजूत काढतो. ज्या देवतेवर साऱ्या वस्तीचं अन्न अवलंबून, तिची कथा एका छळलेल्या मुलीची आहे. जगातल्या फार थोड्या पुराणकथांनी एवढं धाडस केलं असेल.

यावर विश्वास कसा ठेवायचा, असं शहरी वाचक विचारतो. रासमुसेननेही विचारलं होतं. १९२२ साली आउआ या आंगाक्कुकला तो प्रत्येक नियमामागचं कारण विचारत राहिला. आउआ त्याला बाहेर घेऊन गेला. बाहेर वादळ होतं आणि दिवसभर श्वासभोकापाशी उभे राहिलेले शिकारी रिकाम्या हातांनी परतत होते. आउआने विचारलं, हे असं का? मग त्याने एक थंडगार घर दाखवलं, जिथे दिवा जेमतेम तेवत होता आणि मुलं कुडकुडत होती. हे का? मग आजाराने खंगलेली स्वतःची बहीण दाखवली, जिने कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. हे का? रासमुसेनपाशी उत्तर नव्हतं. तसंच आमच्या नियमांचं आहे, असा आउआचा आशय. अन्न म्हणजे दुसऱ्याचा जीव, आणि त्या जिवाचं देणं कसं फेडायचं याची धास्ती, हे इनुइटांच्या धर्माच्या मुळाशी आहे. हाच आउआ पुढे ख्रिस्ती झाला, हेही लक्षात ठेवायला हवं.

हिवाळ्याच्या अंधाराविषयी बरंच काव्यमय लिहिलं गेलंय, ते मी टाळतो. इग्लूलिकला नोव्हेंबरअखेर सूर्य मावळतो तो जानेवारीच्या मध्याला उगवतो. या काळात मुलं आणि मोठी माणसं दोरीचा खेळ खेळत. बोटांत दोरी गुंफून कॅरिबू, कुत्रा, गाडी अशा आकृत्या करत. सूर्य परतला की हा खेळ बंद, नाहीतर सूर्याचे पाय दोरीत अडकतील. सूर्याची कोर क्षितिजावर दिसली की मुलं घरोघर धावत जाऊन दिवे फुंकून विझवत, आणि मग सगळे दिवे एकाच नव्या ज्योतीवरून पुन्हा लावले जात. त्या दिवशी सूर्याकडे पाहून हसायचं ते अर्ध्याच चेहऱ्याने, कारण सूर्य आला तरी थंडीचे दिवस अजून सरलेले नसतात. एवढा नेमका सण मला दुसरीकडे कुठे आढळलेला नाही.

वाट काढण्याचं ज्ञानही असंच नेमकं. वादळी वायव्य वाऱ्याने बर्फावर जिभेच्या आकाराचे कठीण उंचवटे तयार होतात. त्यांची टोकं नेहमी एकाच दिशेकडे असतात. पुढे वारा बदलला, वर नवा बर्फ पडला तरी ते तळाशी टिकतात. धुक्यात, अंधारात इग्लूलिकचा गाडीवान पायाने ते चाचपून, गाडी त्यांना किती तिरपी छेदते हे जाणून दिशा राखी.

नावाच्या रीतीपाशी मात्र मराठी वाचक थबकेल. इनुइटांमध्ये नुकत्याच गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात, मग तो पुरुष असो वा बाई, आणि बाळ मुलगा असो वा मुलगी. नावाबरोबर त्या माणसाचं काहीतरी बाळात येतं अशी धारणा आहे. म्हणून आजीचं नाव मिळालेल्या नातवाला त्याचे आजोबा ‘बायको’ म्हणून हाक मारतात, त्याची आई त्याला ‘आई’ म्हणते. आपल्याकडेही आजोबांचं नाव नातवाला ठेवत, आणि सासऱ्याचं नाव कसं घ्यायचं म्हणून सुना त्या मुलाला भलत्याच नावाने हाका मारत. पण इनुइटांनी ही गोष्ट पुष्कळ पुढे नेली. गेलेल्या माणसाचं नातं, त्याचा मान, त्याच्यावरचा राग-लोभसुद्धा त्या मुलाकडे चालत येई. मुलावर कुणी सहसा ओरडत नसे याचं हे एक कारण. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जीन ब्रिग्ज १९६० च्या दशकात चँट्री खाडीजवळच्या एका कुटुंबात राहिली. तिथे मोठी माणसं राग आवरून कशी जगतात आणि मुलांना तसंच जगायला कसं शिकवतात, हे तिने १९७० साली आलेल्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

आणि नेमक्या याच नावांवर सरकारचा हात पडला. इनुइटांना आडनावं नव्हती आणि कारकुनांना त्यांची नावं लिहिता येत नव्हती, म्हणून १९४१ पासून कॅनडा सरकारने प्रत्येक इनुइट माणसाला क्रमांकाचा एक बिल्ला दिला. तो गळ्यात घालायचा किंवा जवळ बाळगायचा. पुढे त्यात पूर्वेसाठी आणि पश्चिमेसाठी वेगळी अक्षरं आली. सरकारी कागदावर माणूस म्हणजे तो क्रमांक. ही पद्धत थांबली ती १९६८ ते १९७१ दरम्यान एब ओकपिक या इनुइट कार्यकर्त्याने गावोगाव फिरून लोकांकडून आडनावं घेतली तेव्हा.

सरकारचा हात नावांवरच थांबला नाही. १९५३ आणि १९५५ साली उत्तर क्वेबेकमधल्या इनुक्जुआकची कुटुंबं जहाजाने सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, ग्रीस फ्योर्ड आणि रेझोल्यूट या ठिकाणी नेऊन सोडली गेली. हवं तर दोन वर्षांनी परत आणू, हे वचन पाळलं गेलं नाही. त्या मुलखात सूर्य काही महिने उगवतच नाही, आणि या लोकांना असा अंधार माहीत नव्हता. पहिला हिवाळा त्यांनी तंबूंत काढला. रॉबर्ट फ्लाहर्टी याने १९२२ साली ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ हा जगप्रसिद्ध चित्रपट याच इनुक्जुआकच्या लोकांना घेऊन केला होता. त्यात बंदुका दिसू दिल्या नाहीत, उजेडासाठी अर्धाच इग्लू बांधला. जुनं जगणं जुनंच दिसावं म्हणून. हा चित्रपट सुंदर आहे, तो मी आवडीने पाहतो. पण फ्लाहर्टीचा तिथल्या इनुइट स्त्रीपासून झालेला मुलगा जोसेफी बापाविना वाढला आणि १९५५ साली ग्रीस फ्योर्डला पाठवलेल्यांत तोही होता, हे कळल्यावर तो चित्रपट पूर्वीसारखा पाहता येत नाही. सरकारने या स्थलांतराबद्दल २०१० साली माफी मागितली.

१९५० नंतरच्या दोन दशकांत लोकांना छावण्यांमधून सरकारी वस्त्यांवर आणलं गेलं, मुलं निवासी शाळांत गेली, पोलिसांनी आणि अधिकाऱ्यांनी हजारो गाडीची कुत्री गोळ्या घालून मारली. कुत्री गेली की शिकार गेली, शिकार गेली की वाटा गेला. क्षयाच्या साथीत १९५६ च्या सुमारास कॅनडातल्या सात इनुइटांपैकी एक दक्षिणेकडच्या रुग्णालयात होता. जहाज येई, तपासणी होई, आणि निरोप घ्यायलाही न मिळता माणूस नेला जाई. कित्येकांच्या घरच्यांना थडगं कुठे आहे हेसुद्धा कळलं नाही. याबद्दल पंतप्रधानांनी २०१९ साली इकालुइटला जाऊन माफी मागितली. १९८३ साली युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यावर बंदी घातली. इनुइट ती पिल्लं मारत नव्हते, पण बाजारच कोसळला आणि त्यांच्या हातचा रोख पैसाही गेला. प्राण्यांवरच्या खऱ्या करुणेतून माणसांवर केवढा अन्याय होतो, याचं हे उदाहरण मला फार अस्वस्थ करतं.

तरीही इनुइटांची हार झालेली नाही. ग्रीनलंडला १९७९ साली अंतर्गत स्वायत्तता आणि २००९ साली स्वशासन मिळालं. कॅनडात १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा प्रदेश अस्तित्वात आला. क्षेत्रफळ भारताच्या जवळजवळ दोन-तृतीयांश, वस्ती ४० हजारांच्या आसपास. २००१ साली झाकारियास कुनुकचा ‘अतानार्जुआत’ हा संपूर्ण इनुक्तितुत भाषेतला चित्रपट कान महोत्सवात गौरवला गेला. मिशनऱ्यांनी बंद पाडलेलं, दोन बायकांनी समोरासमोर उभं राहून श्वासाच्या तालावर गायचं कंठगीत पुन्हा ऐकू येतं. हनुवटीवरचं गोंदण तरुण मुली पुन्हा करून घेतात. दुसरीकडे घरांची टंचाई आहे, विमानाने येणाऱ्या भाजीपाल्याच्या किमती परवडत नाहीत, तरुणांच्या आत्महत्यांचं प्रमाण जगातल्या सर्वाधिकांपैकी आहे. समुद्राचा बर्फ उशिरा धरतो, लवकर फुटतो आणि जाणत्या शिकाऱ्यांचे आडाखे चुकू लागले आहेत. शीला वॉट-क्लूटिए यांनी २००५ साली मानवी हक्कांच्या आंतर-अमेरिकी आयोगाकडे अर्ज करून म्हटलं की हवामानबदल हा इनुइटांच्या हक्कांचा भंग आहे. अर्ज पुढे गेला नाही, पण त्यानंतर उत्तर ध्रुवाच्या चर्चेत अस्वलांबरोबर माणसांचाही विषय निघू लागला.

पुस्तकाचा क्रम ऋतूंप्रमाणे ठेवला आहे. सुरुवात शरदातल्या शिवणकामाने होते, कारण बाकीचं सगळं त्यावर टिकून असे. मग दिवा आणि घर, मग सील, वाटणी आणि समुद्राची आई, मग अंधार आणि सूर्य, आणि शेवटी उन्हाळ्यातली कायाक होडी, मासे आणि कॅरिबू. आजच्या काळाला वेगळं प्रकरण दिलेलं नाही. तो प्रत्येक प्रकरणात आहे. उदाहरणार्थ, वाटणीच्या प्रकरणात नुनाविकमधल्या, म्हणजे उत्तर क्वेबेकमधल्या इनुइट गावांचे सार्वजनिक फ्रीजर आहेत. तिथल्या इनुइटांनी सरकारशी केलेल्या १९७५ च्या करारातून आलेल्या योजनेच्या पैशातून शिकाऱ्यांकडचं मांस विकत घेऊन तिथे ठेवतात, आणि ज्यांच्या घरी शिकारी नाही ते, म्हातारी माणसं, एकट्या आया, तिथून हवं तेवढं घेऊन जातात.